कोंबडीच्या पायाला कुरूप, आणि मी केलेले उद्योग

मागच्या पावसाळ्यात आमची ठकू लंगडायला लागली तेव्हा पहिले दोन दिवस मी काहीच केलं नाही, हे आधीच सांगून टाकते. कोंबडी आहे, कुठेतरी उडी मारली असेल, मुरगळला असेल पाय, होईल बरा असं म्हणून मी माझ्या कामाला लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी खुराडं उघडलं तर बाकी सगळ्या नेहमीसारख्या धक्काबुक्की करत बाहेर आल्या आणि ठकू आतच बसून. खाण्याचा डबा वाजवला तरी उठेना. ठकू म्हणजे खाण्यासाठी माणसाच्या अंगावर चढणारी बाई, ती उठत नाही म्हणजे काहीतरी मोठं आहे हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात, आम्ही २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ठाण्याहून कुडाळच्या बाजूला सासरच्या घरी आलो ते इथेच राहिलो. कोंबड्या सासूबाईंच्या आधीपासूनच होत्या, मी फक्त त्या वाढवल्या. आता चौदा आहेत, त्यात बऱ्याचशा गावठी, चार वनराजा आणि एक कोंबडा, ज्याचं नाव सरपंच, कारण काम काही करत नाही आणि आवाज सगळ्यात मोठा. ठकू वनराजातली. ही जात हैदराबादच्या सरकारी पोल्ट्री संशोधन केंद्राने काढलेली, परसात पाळायलाच, पण अंगाने गावठीपेक्षा बरीच भरदार. आमची गावठी तलंग (तरुण कोंबडी) जेमतेम सव्वा किलो भरते, ठकू अडीच किलोच्या आसपास. हे वजनाचं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

तर तिला उचलली, काखेत घेतली, पाय उलटा करून बघितला. उजव्या पायाच्या तळव्याला मधोमध, जिथनं बोटं फुटतात तिथे, काळी गोल खपली. आठ आण्याच्या नाण्याएवढी. आजूबाजूचा तळवा सुजून गोटीसारखा झालेला आणि हाताला गरम लागत होता. आपल्याकडे अनवाणी चालणाऱ्या माणसांच्या पायाला कुरूप होतं ना, अगदी तसंच दिसत होतं, म्हणून मी आपलं त्याला कुरूपच म्हणते. इंग्रजीत याला बंबलफूट म्हणतात, हे मला त्याच रात्री मोबाईलवर कळलं. पण कुरूप आणि हे एक नाही. कुरूप म्हणजे नुसती घट्ट झालेली कातडी, आणि हे म्हणजे आत गळू. तळव्याला कुठेतरी चीर पडते, खरचटतं, कुसळ घुसतं, त्या वाटेने जंतू आत जातात (बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस, जे आपल्याही कातडीवर असतात) आणि वरनं खपली धरते, म्हणजे बाहेरून दार बंद आणि आत सगळा कारभार चालू.

शेजारच्या काकी नेमक्या तेव्हाच कढीपत्ता न्यायला आल्या होत्या. लांबूनच म्हणाल्या, "रोग इलो असात गो, कापून टाक आजच, नायतर सगळी जातली." त्यांना वाटलं राणीखेत, म्हणजे कोंबड्यांची ती साथ. मी म्हटलं काकी, राणीखेतात मान वाकडी होते, हिरवी पातळ शी होते, धाप लागते, हिचं बाकी सगळं ठीक आहे, फक्त पाय. आमच्या कोंबड्यांना लासोटाचे (राणीखेतच्या लशीचे) थेंब वेळेवर घातलेले असतात त्यामुळे मी जरा ठाम होते. मग पाय दाखवला तर म्हणाल्या, "ह्या तर कुरूप. बिबो लाय, बिबो. तिका काय्येक होवचा नाय."

बिब्बा. हे ऐकून तुमच्यातल्या निम्म्या लोकांना आजी आठवली असेल. काटा मोडला, टाचेला भेग पडली की सुईला टोचून दिव्यावर धरलेला बिब्बा आणि त्याचं ते काळं तेल. मोठ्या माणसाच्या निबर टाचेला एकवेळ चालेल, पण बिब्ब्याच्या तेलाने चांगल्या कातडीलाही फोड येतात, आणि कोंबडी तर तोच पाय पोटाखाली घेऊन बसणार. मी नाही लावला. काकी रागावल्या नाहीत पण कढीपत्ता घेऊन जाताना जे तोंड केलं ते मला अजून आठवतंय.

मग फोन. पहिला फोन केला तिथे पलीकडच्या माणसाने विचारलं किती किलोची आहे, मी म्हटलं अडीच, तर तो म्हणाला मग मसाला तयार ठेवा. हसला. मी पण हसले, काय करणार. गाईम्हशींना जी दाद मिळते ती कोंबडीला मिळत नाही, तीनशे रुपयाच्या जनावरासाठी दोनशेचं पेट्रोल जाळून कोण येणार हा हिशोब मलाही कळतो. शेवटी नवऱ्याच्या ओळखीच्या एक डॉक्टर मॅडम आहेत, जनावरांच्याच, त्यांना फोटो पाठवला. त्यांनी संध्याकाळी फोन करून चक्क वीस मिनिटं सांगितलं, आणि खाली जे लिहिलंय त्यातलं जे जे शहाणपणाचं आहे ते त्यांचं आणि जे जे मूर्खपणाचं आहे ते माझं.

पहिली गोष्ट शेक. बादली नाही, पसरट घमेलं घ्यायचं, कोंबडी उभी राहील एवढं. पाणी बाळाच्या अंघोळीला असतं तसं, हाताचा कोपरा बुडवून बघायचा. त्यात एप्सम सॉल्ट दोन चमचे. मेडिकलमध्ये मॅग्नेशियम सल्फेट म्हणून मागितलं तरी मिळतं, आमच्या मेडिकलवाल्याने आधी विचारलं पोट साफ होत नाही का, आणि ते बरोबरच आहे कारण ते जुलाबाचंही औषध आहे, म्हणून कोंबडीला ते पाणी पिऊ द्यायचं नाही. (हेच मीठ खताच्या दुकानात नारळ-पोफळीला घालायलाही मिळतं, स्वस्त मिळतं, पण जखमेला ते नको.) नाहीच मिळालं तर आपलं साधं मीठ. दहा-पंधरा मिनिटं.

मला वाटलेलं ठकू घर डोक्यावर घेईल. पहिला एक मिनिट घेतलं पण. मग डोक्यावरनं जुना पंचा टाकला, अंधार झाला तशी शांत, आणि गरम पाण्यात पाय बुडवून ही बया डोळे मिटून चक्क डुलक्या काढायला लागली. माझी मुलगी म्हणाली आई हिला पेडिक्युअर चाललंय. खरंच तसं दिसत होतं.

पंच्यात गुंडाळताना एक मात्र सांभाळायचं, छातीवर दाब द्यायचा नाही. कोंबडीला आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो, छातीचं हाड खालीवर हलतं तेव्हाच हवा आतबाहेर होते, त्यामुळे घट्ट आवळून धरली की बिचारीचा श्वासच अडकतो आणि आपल्याला वाटतं वा काय शांत झाली. त्याच कारणाने उताणी करून फार वेळ ठेवायची नाही. काखेत फुटबॉलसारखी घेऊन एकाने धरायची आणि दुसऱ्याने पाय बघायचा. एकट्याने हे काम होत नाही, मी केलंय, नाही होत.

शेक झाला की खपली मऊ पडते. मग हातात ग्लोव्ह्ज घालून, हो ग्लोव्ह्ज, कारण हेच जंतू आपल्या हाताला चीर असेल तर आपल्यालाही त्रास देतात, बोटाने किंवा चिमट्याने खपलीची कड हलकेच उचलून बघायची. सुटत असेल तर सुटू द्यायची, धरून ठेवलं असेल तर सोडून द्यायची, उद्या परत शेक. हे वाक्य डॉक्टर मॅडमनी तीनदा सांगितलं होतं. तीनदा का सांगितलं ते मला चौथ्या दिवशी कळलं.

पण आधी पूचं सांगते, कारण इथेच सगळ्यांची फसगत होते. आपल्याला गळू झालं की आत पातळ पू असतो, फोडलं की वाहतो, ठणका उतरतो. त्यामुळे आपण कोंबडीच्या पायालाही तेच करायला जातो, दोन अंगठ्यांनी दाब दाब दाबतो. पक्ष्यांचा पू वाहत नाही. आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करणारं जे रसायन असतं ते त्यांच्या पेशींमध्ये नसतं, त्यामुळे तो आत घट्ट होत जातो, पिवळट, पनीरच्या खड्यासारखा. त्याची गाठ धरते आणि खपलीला मुळासारखी चिकटून असते. नशीब चांगलं असेल तर मऊ पडलेल्या खपलीबरोबर ती गाठ पण अलगद बाहेर येते, एखाद्या फळाच्या बीसारखी. पण दाबून ती बाहेर येत नाही, उलट आत आणखी खोल सरकते. म्हणून दाबायचं नाही.

मग पुसून घेऊन बीटाडीन, पाण्यात पातळ करून कोऱ्या चहाच्या रंगाचं. त्याने धुवायचं, कापसाने नाही, गॉजने, कापसाचे तंतू आत राहतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला फार छान वाटतो पण तो रोज रोज घातला तर नवीन येणारं मांसही जाळतो, त्यामुळे जखम भरतच नाही. वरनं बीटाडीनचं मलम. मलम घेताना एक बघायचं, ज्याच्यात दुखणं बधिर करणारं औषध मिसळलेलं असतं, नावाच्या शेवटी 'केन' असतं ती औषधं, तसलं घ्यायचं नाही, पक्ष्यांना ती झेपत नाहीत. आणि आपल्या घराघरात ती कंबरदुखीची जेल असते ना, ती तर अजिबात नाही. त्यात डायक्लोफेनॅक असतं. ज्याच्यामुळे आपली गिधाडं गेली ते हेच, जनावरांना टोचायचे, ती जनावरं मेली की गिधाडं खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. तिकडे रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावात उरलीसुरली गिधाडं लोकांनी जीव लावून जपलीत, आणि इकडे मी तीच जेल कोंबडीच्या पायाला चोळायच्या बेतात होते, कपाटातनं काढली पण होती.

आता बँडेज. हा भाग कुणी नीट सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. जखमेवर गॉजची चौकोनी घडी, त्याच्यावर स्वतःलाच चिकटणारी पट्टी मिळते ती, बोटभर रुंदीच्या लांब चिंध्या कापून घ्यायच्या आधीच. कोंबडीच्या पायाला तीन बोटं पुढे आणि एक मागे, पट्टी एकेका बोटाच्या फटीतनं काढून तळव्यावरनं आणायची, परत पुढच्या फटीतनं, असं करत शेवटी घोट्याच्या वर दोन वेढे. बोटं मोकळी दिसली पाहिजेत. अर्ध्या तासाने परत जाऊन बोटं हाताला थंड लागतायत का, सुजलीत का ते बघायचं, लागली तर लगेच सोडायची. पावसात ती पट्टी दोन तासात चिखल पिते, म्हणून वरनं आपली काळी इलेक्ट्रिकची टेप एक वेढा, फक्त पट्टीवर, कातडीला लावायची नाही. रोज बदलायची. पहिलं माझं बँडेज संध्याकाळपर्यंत सुटून अंगणात पडलेलं होतं. तिसरं टिकलं.

आणखी एक गंमत म्हणजे दुकानात पट्टी फक्त लाल रंगाची होती. मी आणली. कोंबड्यांना लाल दिसलं की चोच मारल्याशिवाय राहवत नाही, त्यांना ते रक्त वाटतं की काय देव जाणे, पण ठकूला बँडेज करून खाली सोडली आणि पाच मिनिटात सरपंच आणि त्याच्या दोन बायका तिच्या पायामागे. ठकू एका पायावर उड्या मारत पुढे आणि ही वरात मागे. शेवटी तिला मागच्या पडवीत वेगळी ठेवली, आंब्याच्या दोन पेट्या उघडून जोडल्या, खाली जुने पुठ्ठे आणि वर जुन्या चादरीचे तुकडे, रोज बदलायचे. दांडी नाही, उडी मारायला काही नाही, पाणी खाणं तोंडासमोर. जाळीतनं बाकीच्या दिसतील असं ठेवलं कारण फार दिवस नजरेआड झाली की परत आल्यावर बाकीच्या तिला ओळख देत नाहीत, नव्याने मारामाऱ्या होतात.

आता चौथा दिवस. लिहायला लाज वाटते पण लिहिते. खपलीची अर्धी कड सुटली होती, आत ती पिवळी गाठ दिसत होती, आणि मी आदल्या रात्री मोबाईलवर कुठल्या तरी परदेशी बाईचा व्हिडिओ बघितला होता ज्यात ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर ब्लेडने गोल कापून दोन मिनिटात अख्खी गाठ बाहेर काढते आणि कोंबडी टुणकन उडी मारून जाते. मला वाटलं एवढंच तर आहे. नवऱ्याला ठकू धरायला लावली, नवीन ब्लेड उकळत्या पाण्यातनं काढलं, आणि कापलं. थोडंसंच. पण ठकूने जो पाय झटकला, ब्लेड जायचं तिथे न जाता बाजूला गेलं आणि रक्ताची धार. कोंबडीच्या एवढ्याशा पायात एवढं रक्त असतं हे मला माहीत नव्हतं. नवरा म्हणाला सोडू का, मी ओरडले सोडू नकोस, गॉज दाबून धरलं, सात-आठ मिनिटं उघडून न बघता तसंच दाबून, मग हळद चेपली तेव्हा कुठे थांबलं. तोवर ठकूने चोच उघडी टाकलेली, डोळे अर्धे मिटलेले, मला वाटलं गेली.

मॅडमना फोन केला तर आधी त्या काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, तळव्याच्या आत बोटं वळवणाऱ्या कंडरा असतात, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, त्यातली एक तुटली असती तर पाय कायमचा गेला असता, आणि तिला भूल दिली होती का तुम्ही? नाही ना? मग दुखत नसेल का तिला? कोंबडी ओरडत नाही म्हणजे दुखत नाही असं नाही, दुखणं लपवणं हा त्यांचा स्वभावच, कळपात दुबळी दिसली की मार बसतो. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठकूला डालग्यात घालून, वर कापड बांधून, एसटीने नाही, स्कूटरवर पुढ्यात घेऊन त्यांच्याकडे नेली. त्यांनी भूल देऊन उरलेली गाठ काढली, मला दाखवली, वालाच्या दाण्याएवढी. दुखण्याचे थेंब आणि पाच दिवसांचं अँटिबायोटिक वजनाप्रमाणे लिहून दिलं. नाव आणि डोस मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मी लिहिलं की कुणीतरी आपल्या कोंबडीला अंदाजे देणार. आमच्याकडे खाद्याच्या दुकानात जाऊन 'कोंबडीचं पावडर द्या' म्हटलं की काहीतरी पुडी हातात पडते आणि ती पाण्यात कालवून सगळ्या कळपाला पाजतात. कोलिस्टिन नावाचं औषध असंच सर्रास वापरलं जायचं, माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं, शेवटी २०१९ मध्ये सरकारने खाण्याच्या जनावरांत त्याच्यावर बंदी घातली. आणि मुळात पाण्यातनं दिलेलं औषध त्या घट्ट गाठीच्या आत फारसं पोचतच नाही, गाठ निघाल्याशिवाय उपयोग थोडाच.

अंड्यांचं सगळे विचारतात. नुसता शेक आणि बीटाडीन चालू होतं तोवर ठकूची अंडी आम्ही खाल्ली. अँटिबायोटिक सुरू झालं त्या दिवसापासून ते संपल्यानंतर मॅडमनी सांगितले तेवढे दिवस अंडी फेकली, म्हणजे खड्ड्यात पुरली, कुत्र्यालाही दिली नाहीत. तिची अंडी जरा मोठी आणि तपकिरी असल्यामुळे ओळखू येतात, नाहीतर एवढे दिवस सगळ्यांचीच फेकावी लागली असती. हाही एक फायदा वेगळं ठेवण्याचा.

एवढं सगळं होऊन, साधारण तीन आठवड्यात, ठकूच्या तळव्याला गुलाबी नवीन कातडी आली. मी देवाला नारळ ठेवला. आणि त्याच आठवड्यात काळी नावाची दुसरी कोंबडी लंगडायला लागली. मग चार दिवसांनी वनराजातली आणखी एक.

इथे मला पहिल्यांदा वाटलं की हे लागट आहे, एकीचं दुसरीला. पण तसं नाही म्हणे, हे सर्दीसारखं पसरत नाही. एकाच घरातल्या तिघींना होतं म्हणजे तिघींच्या पायाखाली एकच काहीतरी आहे. मॅडमचं वाक्य होतं, पाय बघून झाले असतील तर आता खुराडं बघा. एवढे दिवस मी खुराड्याकडे बघितलंच नव्हतं, सगळं लक्ष पायाकडे.

रात्री टॉर्च घेऊन आत वाकून गेले. बसायच्या दांड्या पोफळीच्या रिपांच्या. कोकणात मांडव असो, गोठा असो, कुंपण असो, जुनी पोफळ चिरली की झालं काम, फुकट आणि टिकाऊ. पण चिरलेल्या पोफळीवर हात फिरवून बघा एकदा. मी फिरवला आणि तीन कुसळं माझ्या बोटात गेली, बारीक, काळी, सुईसारखी, सासूबाईंनी चष्मा लावून सुईने काढली. आणि या कोंबड्या रोज रात्री बारा तास त्याच्यावर बसतात, अडीच किलो वजन दोन तळव्यांवर घेऊन. वर दांडी किती उंच, तर माझ्या खांद्याला लागेल इतकी, कारण सासऱ्यांनी बांधली तेव्हा मुंगसाची भीती होती. आणि खाली कोबा. म्हणजे रोज सकाळी चार फुटांवरनं धप्प करून सिमेंटवर. गावठी कोंबडी अंगाने हलकी, पंख मारत तरंगत उतरते, तिला काही होत नाही, म्हणून इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही. वनराजा दगडासारखी पडते. काळी वनराजा नाही पण ती खाऊन खाऊन तशी झालीय.

बाहेरची जमीनही आमची जांभ्याची, तो दगड म्हणजे खडबडीत किसणीच, आणि गडग्यावर (दगडी कुंपणावर) चढून तिथनं उड्या मारणं हा यांचा दिवसभराचा खेळ. त्यात पाऊस. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथे, जून ते सप्टेंबर पाय सुकायला वेळच मिळत नाही. आपलीच बोटं चिखल्यांनी फाटतात तिथे त्यांची कातडी किती टिकणार. खाली पसरलेला भाताचा तूस ओला होऊन त्याचा लगदा झालेला, वाकून नाक जवळ नेलं तर डोळ्यात पाणी आलं, त्या वासाचं. म्हणजे वरनं कुसळं टोचणार, मग सिमेंटवर आपटणार, आणि मग फाटलेला तळवा त्या घाणीत बुडणार. यापेक्षा चांगली सोय मुद्दाम करायची म्हटली तरी झाली नसती.

नवऱ्याने दोन सुट्ट्या घालवल्या. सागाच्या जुन्या पट्ट्या होत्या दोन बाय तीनच्या, त्यांच्या कडा रंधून गोल केल्या, पॉलिश पेपर मारला, आणि रुंद बाजू वर करून बसवल्या. कोंबडीला गोल बारीक काठी आवडते हा आपला समज आहे, तिला पाय सपाट टेकता आला तर बरं, थंडीत तळव्यावर पोटही टेकवता येतं. उंची दीड फूट. सगळ्या दांड्या एकाच उंचीला, नाहीतर सगळ्यात वरच्या दांडीसाठी भांडणं आणि खालच्यांच्या डोक्यावर वरच्यांची शी. खाली तूस चांगला चार-पाच बोटं जाड, दर तीन-चार दिवसांनी दाताळ्याने उलटायचा, ओला झाला तेवढा काढून माडाच्या आळ्यात. अधनंमधनं चुन्याची भुकटी, पण ती कोंबड्या बाहेर असताना टाकून वर तूस पसरायचा, नाहीतर चुना पायालाच लागायचा. मुंगसासाठी दाराला बारीक जाळी मारली, हे आधीच करता आलं असतं.

खाण्यात मका आणि तांदळाची कणी कमी केली, वजनासाठी, आणि शेवग्याचा पाला रोज मूठमूठ. अ जीवनसत्त्व कमी पडलं की तळव्याची कातडी कोरडी पडून लवकर फाटते. शेवगा परसात आहेच, पपई पिकून पडते, भोपळ्याची सालं, यातलं काहीतरी रोज.

काळीचं लवकर कळलं म्हणून नुसता तळवा लाल आणि चकचकीत होता, रेषा पुसल्यासारखा, खपली धरली नव्हती. चार दिवस शेक, मलम, कोरडी जागा, बस. ब्लेडचं नावही काढलं नाही. तिसरीची खपली आठव्या शेकाला आपसूक सुटून घमेल्यात तरंगली, गाठीसकट. मी आनंदाने ओरडले ते ऐकून मुलगी धावत आली आणि बघून तशीच परत गेली.

आता महिन्यातून एकदा मी सगळ्यांचे पाय बघते. रात्री, खुराड्यात, त्या झोपाळलेल्या असतात तेव्हा, दिवसा पकडायला गेलं तर अंगणभर मॅरेथॉन. यात एक वेगळीच गोष्ट सापडली, एका म्हाताऱ्या गावठीच्या पायाचे खवले फुगून उभे राहिलेले, पांढरी पूड धरल्यासारखी. ते हे नाही, ते खवल्यांखालचे बारीक किडे. त्याला कोमट पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने हलकेच घासायचं आणि खोबरेल तेल नाहीतर व्हॅसलिन चोपडायचं, किडे गुदमरतात, पण हे लागट असतं त्यामुळे सगळ्यांना करायचं आणि दांड्यांनाही. रॉकेल लावतात लोक, लावू नका, कातडी जळते. आणि पाय एक पुढे एक मागे असा फाकवून कोंबडी पडली असेल, किंवा तळव्याला काहीच नाही पण सांधे सुजलेत, तर घरचे उद्योग न करता दाखवून आणा, ती वेगळी दुखणी. सूज तळव्यातनं वर घोट्याकडे चढली तरी तेच.

काकी परवा येऊन खुराडं बघून गेल्या. दांडीवर हात फिरवला, दोनदा, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आमच्याकडनं रंधा घेऊन गेला, अजून परत दिलेला नाही.

आणि ठकू. एवढं खर्च करून, दीड फुटाची सागाची दांडी करून, खाली पाच बोटं मऊ तूस घालून, ती आता संध्याकाळी कुठे बसते तर पडवीतल्या स्कूटरच्या सीटवर. तिला डॉक्टरकडे नेली ना त्याच स्कूटरच्या. रोज रात्री उचलून आत ठेवते, आणि सकाळी दार उघडलं की आधी तिकडे. सीटला जुना पंचा बांधलाय, आणि खाली उडी मारते तिथे दोन पायपुसणी टाकून ठेवलीत.